हौसिंगमधलं चुकीचं तेल

अपघातातल्या ट्रकचं डिफरन्शियल खाली उतरवलं, तर हौसिंगच्या, म्हणजे त्याच्या लोखंडी कवचाच्या, तळाला पिनियनचे तुटलेले दात पडले होते. उरलेले तापून निळे झाले होते. जालन्यात एकवीस वर्षं ट्रकची कामं करतोय. कारण शोधायची गरज पडली नाही.

गाडी ऊस घेऊन अंकुशनगरच्या साखर कारखान्याला चालली होती. अंबडच्या पुढे मागची चाकं एकदम जाम झाली आणि ट्रक कलंडला. ड्रायव्हर शेषराव यांचा उजवा हात केबिनमध्ये चेंगरला. ते दवाखान्यात होते.

मालक पारसशेठ माझ्या शेजारी उभे होते. "मिस्त्री, शेषरावनं गाडी रपाटून पळवली असंल. विम्याच्या सर्व्हेयरला तसंच सांगा."

महिन्यापूर्वी त्या हौसिंगमधलं तेल मीच बदललं होतं.

डिफरन्शियल म्हणजे मागच्या चाकांमधला तो गोल फुगीर भाग. इंजिनाची ताकद तिथे वळून चाकांना मिळते. आतले क्राउन आणि पिनियन या दोन गिअरचे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात. साधं तेल तिथे टिकत नाही, दात कोरडे पडतात. म्हणून जीएल-५ दर्जाचं तेल लागतं. गिअरबॉक्सला जीएल-४ चालतं.

त्या दिवशी जीएल-५चा ड्रम संपला होता. नवा दुसऱ्या दिवशी येणार होता. हंगाम सुरू, पारसशेठ म्हणाले, "जल्दी करा, गाडी उभी न्हाई ठेवता येत." जीएल-४च्या डब्यावरही ऐंशी-नव्वदच लिहिलेलं. नंबर तोच आहे, पुढच्या फेरीला बदलू, असं म्हणून मी तेच भरलं.

पंधरा दिवसांनी शेषराव आले होते.

"मिस्त्री, हौसिंग रडून राह्यलंय. चाळीसच्या वर गेलं की बराबर आवाज येतो."

"लोड आहे मामा. येणारच."

मी साधा तेलाचा प्लगसुद्धा उघडून पाहिला नाही.

आता ते दात हातात घेऊन शेठना म्हणालो, "शेषरावांची चूक न्हाई. तेल मी चुकीचं भरलं. सर्व्हेयरला हेच सांगणार."

शेठ म्हणाले, "मंग आमच्या गाड्या इथं येणार न्हाईत."

"बराबर आहे."

सर्व्हेयर आल्यावर त्याला तेच सांगितलं. संध्याकाळी दवाखान्यात गेलो. सगळं सांगितलं. शेषरावांनी ऐकून घेतलं.

"मी आवाजाचं सांगितलं व्हतं ना तुम्हाला," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

पुढे शेषरावांच्या हाताचं हाड जुळलं, पण मूठ वळत नाही. स्टिअरिंग सुटलं. बदनापूरला मुलीकडे असतात. मी दोनदा जाऊन आलो. मुलीनं चहा दिला. ते बाहेर आले नाहीत.

तेलाच्या डब्यावरचा ऐंशी-नव्वद हा आकडा तेल किती घट्ट, एवढंच सांगतो. ते किती दाब सोसेल, हे जीएलपुढचा आकडा सांगतो. दोन्ही वाचायचे. आणि ड्रायव्हर आवाज येतो म्हणाला, तर गाडी उघडायची.