डायलिसिसच्या खाटांवरून

चार चार तास शेजारी शेजारी पडून राहिलं की माणसं जवळची होतात आणि किस्सेही साठत जातात. मी एसटीचा रिटायर ड्रायव्हर. तालुक्याच्या एका खाजगी सेंटरवर आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेतो. एका बाजूला सिरसाळ्याच्या रुक्मिणमावशी, दुसऱ्या बाजूला घाटनांदूरचे दत्तूआबा, ऊसतोडीचे मुकादम.

*

रक्त गाळायचा फिल्टर आमच्याकडं धुऊन परत वापरतात, पण ज्याचा त्यालाच. मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी आपल्या फिल्टरला लाल दोरा बांधलेला. एकदा बिनदोऱ्याचा फिल्टर आला.

"ह्यो माजा न्हाई."

"मावशी, धुताना दोरा गेला असंल," टेक्निशियन म्हणाला.

"मग त्याच्यावरचं नाव वाच."

त्यानं वाचलं नाही. नवा फिल्टर काढला.

*

एका दुपारी आम्ही तिघंही एकदम कुडकुडायला लागलो. दातावर दात आपटायला लागले.

"कामून एवढा एसी लावलाय रे? बंद कर," आबा ओरडले.

सिस्टर हळूच म्हणाली, "आबा, एसी सकाळपासून बंदच हाय."

मशीनचं पाणी शुद्ध करायच्या प्लँटची सफाई सेंटरच्या शेठनी खर्च नको म्हणून लांबवली होती, हुडहुडी त्या पाण्याची होती, हे मागाहून कळलं. त्याच आठवड्यात बाहेर मोठा टीव्ही लागला.

*

बोर्डावर डॉक्टरांचं नाव आहे. डॉक्टर फोनवर असतात. एकदा माझा बीपी पडला. सिस्टरनं व्हिडिओ कॉल लावला. डॉक्टर कुठल्यातरी लग्नात, मागं बँड. "पाय वर करा त्यांचे," एवढंच म्हणाले.

मावशी पलीकडून म्हणाल्या, "डॉक्टर, ह्ये वाचले तर तिकडं जेवायला धाडू का?"

*

आबांचं सांगताना मात्र जीव जड होतो. मशीन कमी, पेशंट जास्त. म्हणून चार तासांचं काम साडेतीन तासांतच उरकायचे. आबा दरवेळी भांडायचे, "उसाचा अर्धा फड सोडून टोळी उठली तर चालंल का?" कुणी ऐकलं नाही. पुढं अंगातून न निघालेलं पाणी त्यांच्या छातीत भरलं, आणि आबा गेले.

पुढच्या खेपेला त्यांच्या खाटेवर एक नवा, घाबरलेला पेशंट होता. तेवढ्यात आबांच्या बायको, कौशल्याकाकू, आत आल्या. आबांची चादर न्यायला आल्या असतील, असं मला वाटलं. त्या स्टूल ओढून त्या नव्या माणसाजवळ बसल्या. साडेतीन तास होताच टेक्निशियन नेहमीसारखा मशीन बंद करायला आला. काकूंनी त्याचा हात धरला.

"थांब बाबा. आमच्या मालकांचा लई टाइम तुमच्याकडं राह्यलाय. त्यातला ह्यांना दे."