जादाचा पाटा

वहिनीला सांगलीला तपासणीला न्यायचं म्हटलं की आमच्या घरात बोलणंच बंद व्हायचं. आधी दोनदा तिला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा पदरी काहीच आलं नव्हतं. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, तपासणी चुकवायची नाही आणि धक्के बसू द्यायचे नाहीत. कुंडलहून सांगलीला धक्के न खाता जायचं म्हणजे विमानच हवं. भाऊ फौजेत, सीमेवर. त्यामुळे गाडी चालवायला मी. आमची गाडी दिसायला मोठी, दणकट, आणि चालायला उधळलेल्या खोंडासारखी. मागे उशांच्या गराड्यात वहिनी बसायची, दोन्ही हात पोटावर, ओठ घट्ट मिटलेले. आरशात तो चेहरा दिसला की मला खड्ड्यांचा, गाडीचा, सगळ्या जगाचा राग यायचा.

उपाय काही कमी केले नाहीत. टायरातली हवा कमी केली. शॉकअप नवे बसवले. "आता लोण्यावानी चालंल," असं इस्लामपूरच्या गॅरेजवाल्यानं छातीठोकपणे सांगितलं. लोणी कसलं! पहिल्याच गतिरोधकाला वहिनीच्या तोंडून "आई गं" निघालं.

मग एकदा मी भावकीतल्या बायकांना घेऊन औंधला यमाईच्या दर्शनाला गेले. वहिनी घरीच होती. तिच्यासाठीच तर नवस बोलायचा होता. गाडीत बायका, पिशव्या, नारळ, मुंगीला शिरायला जागा नव्हती. परत येताना गावाजवळचे ते खड्डे आले, वहिनीला हमखास उडवणारे, आणि गाडी त्यांच्यावरून अशी गेली की मी थक्क झाले. "तुमची गाडी लय मऊ हाय गं," मागून चुलती म्हणाली. मला वाटलं, देवी पावली. सगळ्यांना दारोदार उतरवून एकटी घराकडे वळले, तर गल्लीत पाण्यासाठी आडव्या खणलेल्या चारीवर दातांवर दात आपटले. देवी काही एवढ्या लगेच रुसायची नाही.

घरी येऊन वडिलांना म्हटलं, "आबा, गाडी भरली की गरीब, रिकामी झाली की पिसाळती. असं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी मागे खताची पोती चढवली, स्वतः वहिनीच्या जागेवर बसले आणि म्हणाले, "चालव." गाडी वेशीपर्यंत गुमान गेली. पोती उतरवली. पुन्हा "चालव." त्याच रस्त्यावर आबांची टोपी छताला लागून खाली पडली. मला हसू आवरेना. आबा मात्र उतरून गाडीखाली वाकून बघत बसले.

गाडीचा मागचा भार एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांच्या कमानीवर असतो. त्यांना आमच्याकडे पाटे म्हणतात. गाडी घरी आली तेव्हाच आबांनी ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून दोन्ही बाजूंना एकेक जादाचा, जाडजूड पाटा घालून घेतला होता. उसाचं बेणं न्यायचं, खत आणायचं, लग्नाला अख्खी भावकी कोंबायची; गाडी मागून बसलेली दिसली तर घराण्याची अब्रूच गेली म्हणायची. "आपली गाडी बसत न्हाई," हे आबा चारचौघांत मिशीवर हात फिरवून सांगायचे. भरल्या गाडीत ते जाड पाटे वाकायचे; एकट्या वहिनीच्या वजनाला दाद देत नव्हते, आणि प्रत्येक धक्का थेट तिला बसायचा.

"म्हंजी माझ्या हौसेपायी पोरगी मार खातीया," आबा म्हणाले.

ट्रॉलीवाला कुरकुरला. "आवं आबा, पाटा काढला तर बेणं कशातनं न्याल?"

"ट्रॅक्टरनं नीन. तू काढ."

जाड पाटे निघाले. मी मागच्या बंपरवर चढून जोर दिला. उरलेले पाटे सपाट होत खाली आले, थांबले, आणि कमान धरत मला घेऊन वर गेले. लोखंड! हातोडा मारला तर उसळून येतो ते लोखंड माझ्या एवढ्याशा वजनाला मान देत होतं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मला खरंच नवल वाटत होतं, थांबवेना. शेवटी "पुरं की आता, लोक बगत्यात," असं आबाच म्हणाले.

पुढच्या तपासणीला आबाही आले, माझ्या शेजारी बसले. पहिला मोठा खड्डा आला. गाडी अलगद उतरली आणि अलगद चढली. दुसरा गेला, तिसरा गेला.

"वन्सं, गाडी थांबवा," वहिनी एकदम म्हणाली.

मी गाडी तशीच उसाच्या कडेला घेतली आणि मागे वळले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. माझा हात ओढून तिनं पोटावर ठेवला.

"हलतंय. मघाधरनं हलतंय. घरी कळतं वो, पर गाडीत बसलं की धक्क्यात काय कळायचंच न्हाई. सांगली येस्तवर वाटायचं, हाय का गेलं."

माझ्या तळव्याला आतून काहीतरी हलकेच लागलं.

आबांचा आवाज एरवी चार बांध ओलांडून जातो. त्यांनी मान न वळवता, जेमतेम ऐकू येईल एवढ्या हळू विचारलं, "निघायचं का आता? का जरा थांबू या?"