केबिनची सीट

मुलगी काय शिकते असं कोणी विचारलं की माझ्याआधी बाबाच उत्तर द्यायचे. "लोकांची लग्नं लावायला आणि लोकांना फिरवून आणायला शिकते." पाहुणे हसायचे, मी आतल्या आत जळायचे. इंदूरच्या मल्हारगंजातल्या दुकानात जन्मभर कापड फाडलेल्या माणसाला 'टुरिझम अँड इव्हेंट मॅनेजमेंट' काय असतं हे कोण समजावणार! आणि खरं सांगू का, दोन वर्षं युनिव्हर्सिटीत काढून मलाही ते धड कळलं नव्हतं. पाहुणे आले की साडी नेसून गुच्छ घेऊन उभं राहायचं, सेमिनारला माणसं कमी पडली की मागच्या खुर्च्या भरायच्या, आणि त्याला प्रॅक्टिकल म्हणायचं.

विश्वास होता तो फक्त आईचा. ती घरी साड्यांना फॉल-पिको करायची. मी कॉलेजातून आले की मशीन थांबवून विचारायची, "आज काय शिकवलं गं?" मी वैतागून काहीतरी सांगायचे आणि ते ती दुसऱ्या दिवशी सुदामा नगरच्या अख्ख्या गल्लीला सांगून यायची.

शेवटच्या सेमिस्टरला मात्र खरंखुरं काम आलं. दोघा-दोघांच्या जोडीने तीस खरे प्रवासी जमवायचे, त्यांची एक दिवसाची सहल काढायची, आणि बाहेरगावचे परीक्षक त्याच बसमध्ये बसून मार्क देणार. माहिती कशी सांगता, जेवण कसं, वेळ पाळता का, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे हेड काउंट, प्रत्येक थांब्यानंतर माणसं मोजणं. त्यात चुकलात की नापास. आमच्या सरांनी त्याची एक युक्ती घोटून घेतली होती. "माणसं मोजू नका, रिकाम्या सीटा मोजा. माणूस हलतो, सीट हलत नाही."

माझी जोडीदार इंदूरजवळच्या सांवेर गावची होती. सोयाबीनवाल्या घरातली, ट्रॅक्टरपासून बुलेटपर्यंत सगळं चालवणारी, तोंडाने तिखट. आम्ही मांडू ठरवलं आणि आमच्याच कॉलनीतली सकाळी फिरायला जाणारी रिटायर्ड मंडळी गोळा केली. आदल्या संध्याकाळी जेवणवाल्याने ऐनवेळी हात वर केले. मी रडकुंडीला आले. आई म्हणाली, "रडतेस काय? मी करते ना." पहाटे उठून तिने एकटीने सगळ्यांच्या पुऱ्या लाटल्या, बटाट्याची भाजी केली, लसणाची चटणी कुटली.

सकाळी ती डबे द्यायला बसपाशी आली आणि डबे चढवून झाल्यावरही तिथेच उभी राहिली, काचेतून आत बघत. तिचं लग्न होऊन चोवीस वर्षं झाली होती, मांडू घरापासून शंभर किलोमीटर, आणि तिने ते पाहिलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "चल ना आई, तू पण." अहो, ती लहान पोरीसारखी पळत सुटली! महेश्वरी साडी नेसून, केसांना पाणी लावून परत आली तोवर परीक्षकांनी दोनदा घड्याळ पाहिलं होतं. मला बोलावल्याचा पस्तावा झाला. "किती वेळ गं!" असं मी तिच्यावर खेकसलेही.

सीट एकही रिकामी नव्हती. म्हणून तिला पुढे ड्रायव्हरच्या केबिनमध्ये, इंजिनाच्या बाजूच्या बाकड्यावर बसवलं. त्या बाकड्याला नंबर नसतो. तिचं नाव यादीतही नव्हतं, कारण याद्या आदल्या दिवशीच छापून झाल्या होत्या आणि एक प्रत परीक्षकांच्या फाइलीत होती. तिला त्याचं काय! "इथून तर सगळं समोरच दिसतंय गं," ती म्हणाली. पिशवी मांडीवर घेऊन ती रस्ता बघत बसली.

धारच्या अलीकडे एका ढाब्यावर चहापाण्याला थांबलो. वीस मिनिटांनी शिट्टी वाजवली, मंडळी चढली. मी केबिनच्या दारात उभी राहिले, प्रवाशांकडे तोंड करून, अगदी शिकवलं होतं तशी. रिकामी सीट एकही नाही. पुन्हा मोजलं. परीक्षक पहिल्याच रांगेत बसून माझ्या बोटाकडे बघत होते. मी ड्रायव्हरला म्हटलं, "चलो भिया." केबिन माझ्या पाठीमागे होती.

धार मागे पडलं. पुढे एका वळणावर गाय आडवी आली आणि ड्रायव्हरने ब्रेक मारला. केबिनमधून काहीतरी घरंगळत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं. आईची पाण्याची बाटली. मी वळून पाहिलं. बाकड्यावर नुसती पिशवी पडलेली, तिच्यातून चष्म्याचं घर आणि पाकीट अर्धं बाहेर आलेलं. आई नव्हती.

ड्रायव्हरने आरशातून बघत विचारलं, "मॅडम, माताजी पीछे बैठ गईं क्या?"

माझ्या मागे दोन हातांवर परीक्षक. फाइल उघडी. मी म्हटलं, "हां भिया, पीछे हैं."

हे वाक्य मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बस थांबवायला एक हात वर करावा लागला असता. मी बाटली उचलली, पिशवीत ठेवली, माइक घेतला आणि माळव्याच्या सुलतानांची माहिती सांगायला सुरुवात केली. सांगत राहिले. मांडू येईपर्यंत चाळीस मिनिटं. मनात एकच हिशोब घोळत होता, की आई समजूतदार आहे, ढाबा चांगला आहे, तिला काही होणार नाही. थू माझ्या जिनगानीवर!

मांडूला मंडळी उतरल्यावर मी सांवेरवालीला बाजूला ओढलं आणि आई ढाब्यावरच राहिल्याचं सांगितलं. तिने विचारलं,

"कब पता चला?"

"अभी."

तेही खोटं. तिने तिथल्या गाइडची मोटारसायकल मागितली आणि भरधाव निघून गेली. परीक्षकांनी विचारलं, जोडीदार कुठे आहे? मी म्हटलं, जेवणाची व्यवस्था बघायला गेली. एकदा सुरू झालं की खोटं कसं सरसर येतं, नाही का? मग मी जहाज महाल दाखवला. दोन्ही बाजूंना तळी, मध्ये महाल, पाण्यात उभं असलेलं जहाज वाटावं असा, हे सगळं न अडखळता सांगितलं. काकू मंडळींनी माझे फोटो काढले.

आई आली तेव्हा आम्ही रूपमती मंडपावर पोचलो होतो. मी बोलत होते आणि मंडळींच्या डोक्यांवरून मला ती जिना चढून येताना दिसली. महेश्वरीवर धूळ, चेहरा उन्हाने लाल झालेला, ओठ सुकलेले. ती सगळ्यांच्या मागे गुपचूप उभी राहिली आणि ऐकू लागली. माझं बोलणं संपलं तेव्हा पहिली टाळी तिने वाजवली. तिचं बघून बाकीच्यांनीही वाजवल्या.

मी जवळ गेले तर तिने हळूच विचारलं, "मार्क नाही ना गं कापले?"

जेवणं वाढताना सांवेरवालीने मला काय ते ऐकवलं. आई बाथरूमच्या रांगेत शेवटची होती. बाहेर आली तर बस रस्त्याला लागलेली. थोडं अंतर ती मागे पळाली. ढाबेवाल्याने स्वतःचा फोन पुढे केला. आईला माझा नंबर तोंडपाठ होता. ती नको म्हणाली. म्हणाली, पोरीची परीक्षा चालू आहे, तिचे सर शेजारी बसलेत, फोन वाजला तर त्यांना कळेल. दोन तास ती रस्त्याकडे तोंड करून बसली होती. पाकीट बसमध्ये. ढाबेवाल्याने चहा दिला तर "पैसे नाहीत भैया" म्हणून तोही तिने परत केला.

"थारी मां है यार," एवढं म्हणून सांवेरवाली पुऱ्या वाढायला निघून गेली. पुढे आमची मैत्री पातळ झाली ती तिथूनच.

जहाज महाल आईने पाहिला नाही तो नाहीच. परतताना तिथे पुन्हा थांबायला वेळ नव्हता.

मला हेड काउंटमध्ये पैकीच्या पैकी मार्क मिळाले. शेऱ्यात लिहिलं होतं की ग्रुपवर पूर्ण लक्ष. आईने तो कागद बाबांना वाचून दाखवला आणि वर सुनावलं, "बघा, तुम्ही म्हणत होता लग्नं लावते!" मी स्वयंपाकघरात उभी होते. तेव्हा बोलायचं होतं. नाही बोलले. तिला वाटतं की मला मांडूला पोचल्यावरच कळलं. गडबडीत होतं असं, असं ती स्वतःच म्हणते आणि विषय संपवते.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी इंदूरातच एका कंपनीत आहे, लोकांच्या कॉन्फरन्सा लावते. खुर्च्यांना कव्हरं, टेबलांवर नावांच्या पाट्या, आलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे खूण. मी माणसं तीन-तीनदा मोजते, हाताखालचे लोक पाठीमागे हसतात. हसू देत.

मागच्या हिवाळ्यात मामाच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गाडी करून नाशिकला निघालो. मी, बाबा आणि आई. सेंधव्याला चहाला थांबलो. बाबा उतरले, मी उतरले, आई बसूनच राहिली.

"चल की, पाय मोकळे कर."

"मला नको. तुम्ही या जाऊन."

बाबा म्हणाले, "तिला नको सांगूस. कुठेही जा, ती गाडीतून उतरत नाही. सकाळपासून पाण्याचा थेंबही घेत नाही."

मी गाडीत डोकावले. तिची बाटली काठोकाठ भरलेली होती. "आई, पाणी का नाही पीत?"

ती जरा ओशाळली. "प्यायलं की मग उतरावं लागतं ना गं." आणि लगेच माझी समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मला सवय झालीये आता. काही त्रास नाही होत."

तोंड उघडलं असतं तर त्या वाक्यासकट सगळंच बाहेर आलं असतं. मी दार उघडलं, तिचा हात धरला, बळेच तिला अर्धी बाटली पाजली आणि मागच्या बाथरूमकडे घेऊन गेले. ती पावलोपावली वळून गाडीकडे बघत होती. ड्रायव्हर चहा पीत होता, गाडीची चावी मी त्याच्याकडून मागून घेतली होती. मी ती चावी तिला दाखवली. मग कुठे ती आत गेली. पिशवी तिने माझ्याकडे दिली नाही, बरोबर नेली.

मी दाराला टेकून उभी राहिले. रस्त्यावरून ट्रक जात होते. एखादी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला की आतून ती विचारायची, "आहेस ना गं?"

"आहे, आई."

थोडा वेळ गेला की पुन्हा, "आहेस ना?"

"इथेच आहे."

चार वेळा विचारलं तिने. चारही वेळा मी उत्तर दिलं, आणि चारही वेळा तिने त्यावर विश्वास ठेवला नाही.