डिंकातली नावं

केदारखेड्याचा रखमाजी शेतीत रमला नाही. शाळेत घोटून घोटून उर्दू अक्षर वळणदार झालं होतं, त्या जोरावर तालुक्याला येऊन तो पाट्या रंगवू लागला. १९४७च्या डिसेंबरात कचेरीतून काम आलं. हैदराबादेत निजामाचं नवं मंत्रिमंडळ बसलं होतं. मंत्री आणि त्यांची खाती पत्र्याच्या पाटीवर लिहायची होती.

यादीत आपल्यातली, हिंदूंचीही काही नावं होती. ती कारभाराला घेतली की दाखवायला, यावर पारावर दबक्या आवाजात वाद चाले. रखमाजीला तर सगळ्या यादीचाच भरवसा वाटेना. मागच्या मंत्र्यांची नावं त्यानं तेलरंगात लिहिली होती. ती खरवडताना बोटं सोलली. म्हणून या खेपेला खाती तेवढी तेलरंगात लिहिली. खाती कुठं जातात! मंत्र्यांची नावं डिंकात खडू कालवून लिहिली. ओलं फडकं फिरवलं की पाटी कोरी.

"कुणाला कळलं तं?" बायको झुंबरबाई म्हणाली. "हे राज टिकत न्हाई असं तुमी लिहूनच दिलं की. आत टाकतील."

"वाळल्यावर बराबर तेलरंगावानी दिसतंय. तू बिलकुल बोलू नको."

पाटी तपासायला पेशकार नरहरपंत आले. साहेबांपुढे कागद ठेवणारा हा माणूस कुणाचं काय कुणाला कळवतो, याचा गावाला पत्ता नव्हता. त्यांनी एकेक नाव यादीशी ताडून पाहिलं. मग अंगठ्याला थुंकी लावून तो शेवटच्या नावावर दाबला. अंगठा पांढरा झाला.

पंतांनी अंगठा धोतराला पुसला. "ओसरीवर, आतल्या अंगाला लाव," एवढंच बोलले.

तेव्हापासून रखमाजीला अन्न गोड लागेना. हा आज सांगेल, उद्या सांगेल. दर बाजाराला तो कचेरीवरून जाई. आषाढात पावसाचे शिंतोडे ओसरीत आले आणि दुसऱ्या दिवशी पाटी हातभर वर टांगलेली दिसली.

"पुरावा जपून राह्यलाय," तो झुंबरबाईला म्हणाला.

सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा आल्या. पाच दिवसांत सगळं आटोपलं, मंत्रिमंडळही गेलं. पंतांनी रखमाजीला बोलावून बादली पुढं सरकवली. दोन हात फिरले आणि नावं गेली. खाती जागच्या जागी राहिली.

"पंत, नऊ महिने गप कामून राह्यले?"

"तू कुणाचा माणूस, मला काय ठाऊक? वाटलं, मी कळवतो का हे बघायलाच तुला कुणी लावलंय. कळवावं तर गाव बसू देणार नाही, न कळवावं तर साहेब. पावसात पाटी कुणी उचलली? मीच."

रखमाजी खो-खो हसला. "मंग आता नवी नावं तेलरंगात?"

पंतांनी मागं वळून दाराकडं पाहिलं.

"डिंक आहे ना घरी?"