खांद्यावरची सायकल

काटाचाचा कुठलीही वस्तू आधी उचलून बघत. कलिंगड असो, शेगडी असो, नाहीतर शेजाऱ्यांनी आणलेली नवी खुर्ची. उचलायची, डोळे मिटून क्षणभर धरायची आणि मगच मत द्यायचं. ईदला बकरा घेतानाही तेच. "बकरा शिंगं दाखवून फसवतो," ते म्हणत, "वजन नाय फसवत." आखातात एका कंपनीच्या गोदामात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. तिथून पैशापेक्षा ही सवयच जास्त आणली, असं चाची म्हणायची. गावाने मात्र त्यांचं नावच काटाचाचा करून टाकलं.

आमचं गाव जिते स्टेशनपासून आत, खाडीकडे. डांबरी रस्ता गाठायचा तर मातीच्या बांधावरून यावं लागतं. उधाण आलं की बांधाला कुठे ना कुठे खांड पडते, मग तेवढा भाग चिखलातून पार करायचा. माझे बाबा मिठागरात कामाला. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पेणच्या कॉलेजात नाव घातलं तेव्हा बाबा म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. प्रॅक्टिकलं बुडायला लागली तर घरी बसायचं." चालत निघून वेळेवर पोचणं शक्य नव्हतं, म्हणजे ती बुडणारच होती. साध्या सायकलीची बारीक चाकं बांधावर रुततात. म्हणून मला रुंद टायरची, डोंगरात चालवतात तसली सायकल हवी होती, आणि तीही शिष्यवृत्ती आणि शिकवण्यांतून साठलेल्या पैशात.

फोनवर एक लाल सायकल मी मनात पक्की केली होती. ती शेजारच्या काटाचाचांना दाखवली.

"फोटोला वजन असतं काय गो?" ते म्हणाले आणि माझ्याबरोबर पेणला निघाले.

रामवाडीजवळच्या दुकानात ती लाल सायकल होती. पुढे शॉकर, मागे शॉकर. किंमतही माझ्या आवाक्यातली. मी हँडलवरून हात फिरवत होते, तोच चाचा म्हणाले, "उचल." मी उचलली. "आता खांद्यावर घे." ती कमरेच्या वर येईना.

दुकानदार हसला. "चाचा, सायकलवर आपण बसायचं असतं."

"आमच्याकडे खांड लागली की सायकल आपल्यावर बसते," चाचा म्हणाले.

मला रडू येत होतं. तेवढ्या पैशात तशी देखणी सायकल पुन्हा मिळणार नाही, असं वाटत होतं. बाहेर आल्यावर चाचांनी मला एक सोडा पाजला आणि म्हणाले, "स्वस्तात दोन शॉकर देतात, म्हणजे लोखंडच जास्त देतात. रोह्याला बघू."

रोह्याच्या दुकानात मागच्या भिंतीला एक राखाडी सायकल टांगलेली होती. टायर रुंद, शॉकर एकही नाही, दिसायला अगदी गरीब. ती खांद्यावर घेऊन मी रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि परत आले. लोक बघत होते. लाज वाटली, पण खांदा दुखला नाही.

तशीच बिनगियरचीही होती, आणखी स्वस्त. चाचांना ती पटली. "खाडीकाठच्या सपाट खारात चढ कुठे हाय? गियर कशाला?"

मोठ्यांना उलट बोलायची मला सवय नाही. त्या दिवशी मात्र बोलले. "चाचा, घरी येताना खाडीवरचा वारा तोंडावर येतो. तो चढच हाय."

चाचांनी डोळे मिटले, जणू माझं बोलणंच हातात धरून बघत होते. मग दुकानदाराला म्हणाले, "गियरवाली काढ. हे मला नाय सुचलं."

कॅरियर मात्र त्यांनी तिथेच काढायला लावला. फुकटचं ओझं म्हणे. दप्तर पाठीवर घेऊन माझी पाठ घामाने भिजायची. शेवटी मी गुपचूप नवा कॅरियर बसवून घेतला. चाचांनी सायकल उचलली, "वाढली," म्हणाले आणि पुढे गेले.

श्रावणातल्या उधाणात बांध फुटला. नेमकं त्याच दिवशी प्रॅक्टिकल होतं. बाबा आणि गावातले चारजण मातीची भर घालत होते. मी सायकल खांद्यावर घेतली आणि चिखलात उतरले. मध्यावर पाय रुतला तेव्हा बाबा हातातलं घमेलं टाकून पुढे आले, पण मी पाय काढला आणि पलीकडे गेले. वळून पाहिलं तर ते तसेच उभे होते. दिवाळी आली आणि गेली. घरी बसायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना चाची गेली. आखातातल्या मुलाने चाचांना बोलावून घेतलं. "दोन महिन्यांत येतो," ते घरोघरी सांगत होते. निघायच्या दिवशी गाडी डांबरी रस्त्यावर थांबली होती. त्यांची बॅग तिथवर माझ्या कॅरियरवरून न्यायचं ठरलं. बांधायच्या आधी मी ती उचलली आणि नकळत डोळे मिटले. दोन महिन्यांची बॅग एवढी नसते.

मी ती घट्ट बांधली. बांधावरून मी सायकल ढकलत होते आणि चाचा मागून बॅगेला हात लावून चालत होते.

"जड हाय काय गो?" त्यांनी विचारलं.

"नाय चाचा," मी म्हटलं, "हलकी हाय."