मुद्दाम घातलेला खराब तागा

कडोदऱ्याच्या यंत्रमाग कारखान्यात तो कापड तपासायचा. त्याचं बोट दोषावर आपोआप थांबायचं. नाव मी कधी विचारलं नाही.

तिथला मालसाठ्याचा प्रोग्राम मी सी आणि जावा, दोन्ही भाषांत लिहून पाहिला होता. प्रोग्रामच्या चाचण्या घेणारी साधनं कुठल्या भाषेत सरस, हे मी चहा पिताना त्याला तावातावाने ऐकवत होतो. दोन्ही साधनं ‘सगळं बरोबर’ म्हणत होती.

“पण भाऊ, त्यांना कोण तपासतं?” त्याने विचारलं. “आमचे शेठ चांगल्या ताग्यांत एक खराब तागा गुपचूप घालतात. तो मी पकडला, तरच माझं बाकीचं काम खरं धरतात.”

मी ते हसण्यावारी नेलं. मग टेबलाशी येऊन दोन्ही प्रोग्राममध्ये बेरजेच्या जागी मुद्दाम वजाबाकी घातली आणि चाचण्या चालवल्या.

दोन्ही साधनं म्हणाली, सगळं बरोबर.