तिसऱ्या रांगेतली वाकळ

विट्याच्या अलीकडं आमचं गाव. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत मी शेवटची गेले, तेव्हा मला ओढणी सांभाळायची गरज पडली नव्हती. सकाळी तिथं पोराटोरांना अरबी शिकवायचे. मुलगी मोठी दिसायला लागली की तिची शिकवणी बंद, मुलाची चालू. हा न्याय कुणी ठरवला, हे मी तेव्हाही विचारलं होतं. उत्तर म्हणून पाठीत धपाटा मिळाला. त्यामुळं त्या खोलीबद्दल मला जे ठाऊक आहे, ते लहानपणी जमिनीवर मांडी घालून पाहिलेलं. पण त्यातलं काही विसरलेले नाही.

भिंतींना हिरवा डिस्टेंपर, कंबरेइतका गडद, वर फिका. शुक्रवारी इमामसाहेब ज्यावर उभं राहून बोलतात तो मिंबर सागवानी, तीन पायऱ्यांचा, गावच्याच सुतारानं केलेला. सुताराचा हात बैलगाड्यांवर बसलेला, म्हणून मिंबरावरही गाडीला असते तशीच पानाफुलांची नक्षी. एकमेकांशी न पटणारी दोन घड्याळं. खताच्या दुकानाचं कॅलेंडर. पाहुण्यांसाठी टोपलीत प्लॅस्टिकच्या जाळीदार टोप्या. त्या घालून आम्ही एकमेकांना हसायचो आणि मार खायचो. आणि खाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वाकळा.

वाकळ बाकी जग अंगावर घेतं. आमच्याकडं ती मशिदीत अंथरायची. नमाजाच्या एका रांगेला एक, लांबच लांब. शिवायच्या मोहल्ल्यातल्या बायका. आणि रीत अशी, की कुणी पुरुष गेला की त्याचा एक कपडा त्याच्या रांगेच्या वाकळेला जोडायचा. माणूस जिथं उभा राहायचा, तिथंच त्याचा तुकडा. माझे अब्बा तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला. निळ्या चौकड्यांची लुंगी. टाके घालायच्या आधी अम्मीनं चुलत्यांना जागा विचारली होती. नवरा नेमका कुठं उभा राहतो, हे तिनं जन्मात पाहिलेलं नव्हतं.

रमजानच्या आधी वाकळा धुवायला कालव्यावर यायच्या. तिसरी वाकळ अम्मी दुसऱ्या कुणाला धुवू द्यायची नाही. एकदा शेजारीण म्हणाली, "आगं हळू बडीव की, भाईजानांची पाठ मोडंल."

"जितेपनी मी त्यास्नी कवा वर मान करून बोलले न्हाई. आता तरी बडवू दे," अम्मी म्हणाली. सगळा कालवा हसला. अम्मी हसली नाही. तेवढा एक दिवस तिला अब्बा भेटायचे.

गेल्या वर्षी मशिदीचं काम निघालं. मोहल्ल्यातला एकजण दक्षिणेत सोनं गाळायच्या धंद्यात वर आला, त्यानं खर्च उचलला. छत गळत होतं, नमाजाआधी हातपाय धुवायच्या, वजूच्या नळांवर रांग लागायची. काम व्हायलाच हवं होतं. पण झालं काय? छताला सोनेरी किनार. रंग बदलणारे दिवे. झुंबर. संगमरवराचं चित्र छापलेल्या फरशा. मशीद की लग्नाचा हॉल? मिंबर कुठंय विचारलं तर म्हणे पॉलिशला गेलाय. तो अजून पॉलिशलाच आहे. आणि खाली लाल मखमली गालिचा, त्यावर प्रत्येक माणसाला एक छापील कमान. वाकळेवर गर्दी झाली की लोक सरकून घ्यायचे. आता ज्याची त्याची कमान.

हेही मी मोबाइलवरच पाहिलं. ग्रुपवर माशाअल्लाहचा पाऊस पडला होता. अम्मीनं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, नीट बघितला आणि म्हणाली, "वाकळा कुठं गेल्या, इचारून ये."

मी मशिदीच्या दारात जाऊन उभी राहिले. कारभार बघणारे चाचा, अब्बांचे जुने दोस्त, बाहेर आले.

"चाचा, वाकळा कुठं हायत?"

"असतील की सामानात. समदं गवंड्याच्या ताब्यात हाय."

"आमच्या अब्बांची परत द्या."

"तुझ्या एकटीच्या अब्बाची हाय व्हय ती? त्याच रांगंत माझा भाऊ हाय. बाप हाय."

"मग तुमी तरी कशी भाईर काढू दिली?"

चाचांनी चपलांकडं बघितलं. "पोरी, वाकळ टोचती. आमचं गुडघं ऱ्हायलं न्हाईत. बसून बघ, मग कळंल."

"बसू देता का आत?"

चाचा हसले. मलाही हसू आलं असतं, पण राग आधी आला.

मी पत्रकं लिहिते. टँकरसाठी लिहिली, मुलींच्या शाळेतल्या मुताऱ्यांसाठी लिहिली, आणि मुताऱ्या बांधून घेतल्या. मग हे काय अवघड? 'मशीद कुणाची?' असा मथळा घातला. बायकांनी शिवलेलं बायकांना न विचारता फेकलं, असं सरळ लिहिलं. छापायच्या आधी चाचांना दाखवलं, समोरासमोर. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं.

"लय झ्याक लिवलंयस. वाट चौकात. पर आदी कोन वाचंल? आपली मानसं? आपल्या अजानीवर जी तक्रारीचं अर्ज करत्यात, ती वाचतील. तुझा फोटू लावून फिरवतील. म्हनतील, बघा, त्यांचीच पोरगी बोलती. चालंल?"

माझ्याकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं. सभेत मला कुणी गप्प केलेलं नाही. त्या दिवशी मी कागदाची घडी घालून घरी आले. चाचा माझं तोंड बंद करायला बोलत होते का? होते. ते खरं बोलत होते का? तेही होते. पत्रक अजून घडीतच आहे.

वाकळ सापडली ती अम्मीला. आमच्या गच्चीवर ती कुरडया वाळत घालायला गेली होती. बोळापलीकडं मशिदीच्या वजूखान्याचा नवा स्लॅब. ताजा स्लॅब काही दिवस ओला राहावा म्हणून गवंडी ओली पोती अंथरतात. इथं पोत्यांऐवजी वाकळा अंथरल्या होत्या. अम्मीनं मला हाक मारली, तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच होता. कडेची वाकळ तिसरी. निळ्या चौकड्या बोळाकडच्या टोकाला. हात लांब केला तर बोटं पुरत नव्हती.

खाली गवंडी वाळू चाळत होता. मी ओरडले, "त्या वाकळा काढा!"

"ताई, उचलल्या तर स्लॅब तडकंल," तो वर बघून म्हणाला. "आन आता निघायच्या बी न्हाईत. सिमीट धरलंय त्यांनी."

मी त्याला काय काय बोलले. तो बिचारा ऐकत राहिला. त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. ऊन रणरणत होतं. अम्मी माझ्याकडं बघतच नव्हती.

"ती कड वाळली बघ," ती म्हणाली. "पाइप आन."

"अम्मी, आगं—"

"आन म्हनलं न्हवं?"

मी टाकीचा पाइप जोडला, नळाची चावी सोडली. पाण्याला जोर नव्हता. धार बोळातच पडत होती. मग अम्मीनं पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला. तेव्हा कुठं पाणी पलीकडं पोचलं. विटलेल्या चौकड्या भिजून पुन्हा गडद निळ्या झाल्या.

दुपारची अजान झाली. खाली माणसं अंगणातल्या नव्या नळांवर वजू करून गालिच्याकडं गेली. अम्मी कडेकडेनं पाणी मारत राहिली, आणि मी चावी धरून उभी.